गुरूच्या हातचा बंपर

माझा भाऊ गेल्याची बातमी मला पाव विकणाऱ्या पोदेराने दिली. सकाळी त्याचा भोंपू वाजला तशी मी नेहमीप्रमाणे दारात गेले, दोन उंडे घेतले, आणि तो सायकलवरून खाली उतरला. एरवी तो कधी उतरत नाही. "टीचर, तुमचो भाव गेलो मगो?" असं म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक लालभडक गाडी होती, जमिनीला पोट टेकलेली, पुढचा जबडा वासलेली... आणि तिच्या टपावर, कोपऱ्यात, माझ्या गुरुदासचा पासपोर्टएवढा चेहरा चिकटवलेला. खाली ज्वाळा, फुटलेली हृदयं, आणि 'बॉस गेलो, लेजंड सदांच जिवो' असा मजकूर. माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्यावर सुलभाचे, म्हणजे गुरूच्या बायकोचे, पहाटेपासून फोन येऊन गेले होते. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात त्याला पाहून मी कोरगावला घरी परतले होते, आणि पहाटे तो गेला. सख्ख्या भावाचं मरण मला गाडीच्या चित्रावरून कळलं. त्या क्षणी मला रडू आलं नाही. शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

आता दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. गुरुदासबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. पण बाकीच्यांबद्दल पुष्कळ आहे, आणि त्या बाकीच्यांत मी पहिली आहे. तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत मुलांना 'आपली चूक आपण आधी सांगावी' हे शिकवलं. तेव्हा हा लेख त्या हिशेबाने वाचावा.

धारगळला महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गुरू गाड्यांची किट बनवायचा. हा प्रकार ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, पण सांगणं भाग आहे. कंपनीने दिलेली बरी-भली गाडी घ्यायची, तिचे बंपर काढून टाकायचे, आणि त्या जागी जास्त रुंद, जास्त खाली आलेले, जास्त उग्र असे बंपर बसवायचे. दोन्ही बाजूंना दारांखाली पट्ट्या, मागे शेपटासारखा स्पॉयलर. हे सगळं मिळून किट. मग ती गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर खरवडत, कुथत जाते, आणि आत बसलेल्याला वाटतं की लोक आपल्याकडे कौतुकाने बघतायत. आजोबांनी लावलेलं काजूच्या झाडांचं भाट दिल्लीवाल्याला विकायचं आणि त्या पैशांत असलं ध्यान घरी आणायचं, हे आमच्या पेडण्यात हल्ली फार चालतं. मला ह्या गाड्यांचा पहिल्यापासून उबग होता. गुरूला नव्हता. तो म्हणायचा, "बाय, गणपती मागपी तरी कोण खंय शाणे आसतात? कोणाक मोरार बसिल्लो जाय, कोणाक बुलेटीर. आमी करून दिवपाचो."

बाराव्या दिवशी ही सगळी मंडळी आली. शोक करायला. वीस-पंचवीस गाड्या महामार्गावरून रांगेने, दिवे लावून, हॉर्न देत. आत भटजींचं चाललं होतं, सुलभा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, आणि बाहेर अंगणापुढे ह्यांनी सायलेन्सर फोडल्यासारखे आवाज काढून 'सलामी' दिली. टायर जाळले. जळक्या रबराचा धूर घरात शिरला, ज्या घरात एक माणूस श्वासासाठी वर्षभर तडफडला त्या घरात. मी बाहेर गेले आणि शाळेतल्या आवाजात ओरडले. आवाज बंद झाले. त्यांच्यातले निम्मे माझेच विद्यार्थी असावेत, माना खाली घालून उभे राहिले. मग त्यांच्यातला एक पुढे आला, चांगला तिशीचा, गळ्यात साखळी. हात जोडून म्हणाला, "टीचर, रागार जावं नाका. बॉसाचो हात म्हळ्यार हात. मशिनीक तें जमचें ना."

मी आत आले आणि न्हाणीत जाऊन ओकले. लोकांना वाटलं धुराने झालं. धुराने नव्हे... हे वाक्य माझं होतं. जवळजवळ ह्याच शब्दांत मी ते गुरूला ऐकवलं होतं, काही वर्षांपूर्वी, चतुर्थीला, भरल्या घरात.

त्यासाठी आमच्या बाबांपासून सुरुवात करायला हवी. आमचं माहेर डिचोली तालुक्यातलं, मयेचं. बाबांची गणपतीची चित्रशाळा होती. शेतातली चिकण माती आणून, खडे वेचून, तुडवून, ओल्या कपड्याखाली मुरवून ते मूर्ती करायचे. साचा कधी वापरला नाही. शेजारच्या गावांत प्लास्टरचे गणपती यायला लागले तेव्हा गिऱ्हाइकं फुटली, पण बाबा बधले नाहीत. "सांचो कोणूय मारता. मातयेक हात लागूंक जाय," हे त्यांचं ब्रीद. आम्ही दोघं भावंडं त्या वाक्यावर वाढलो. मी गुरूहून पाच वर्षांनी मोठी. मला हस्तकला जमली नाही, गुरूच्या बोटांत ती जन्मतःच होती. सोंडेचा बाक तो डोळे मिटून काढायचा. पण मूर्तींवर घर चालेना, आणि त्या काळी आमच्याकडच्या प्रत्येक तरुणासाठी एक सरळ वाट होती, ती म्हणजे खाण. खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे, झाडांची पानंसुद्धा तांबडी असायची. बाबांनी गुरूला जवळ बसवून सांगितलं होतं, "खाणीर वचूं नाका. ती धूळ एकदां भितर गेली म्हणटकच भायर येना." बाबांनी त्याला तांबड्या धुळीतून वाचवलं. पांढऱ्या धुळीबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. तांबडी धूळ धोतरावर दिसते, पांढरी पांढऱ्यावर दिसत नाही.

गुरू हरमलला गेला. तिथे मासेमारांच्या लाकडी होड्यांना फायबरचं कवच चढवायचं काम एक ओळखीचा माणूस करायचा, त्याच्या हाताखाली तो तीन मोसम राहिला. काचेच्या तंतूंची मॅट पसरायची, वर रेझिन ओतायचं, ब्रशने ठोकून ठोकून आतली हवा काढायची. वाळलं की दगड. तिथेच कोणा परदेशी माणसाच्या जीपचा तुटलेला मडगार्ड त्याने मातीत घडवून, त्यावरून साचा घेऊन, फायबरमध्ये काढून दिला. तो माणूस खुशीने वेडा झाला म्हणे. मग मोटरसायकली आल्या, मग गाड्या, मग धारगळची शेड. मी कोरगावला दिलेली, म्हणजे वाट लांब नव्हती. पहिल्यांदा शेड बघायला गेले तेव्हा त्याने एका गाडीच्या तोंडावर ओली माती थापली होती आणि तो वाकून अंगठ्याने तिला धार देत होता, अगदी बाबा मूर्तीच्या मुकुटाला द्यायचे तशी. माती मयेचीच होती. मला भरून आलं. ती गाडी कितीही ओंगळ असो, तिच्यावर आमच्या बाबांचा हात फिरत होता.

मात्र मातीपुढचं सगळं घाण. हे मी मऊ शब्दांत लिहिणार नाही. रेझिनचा वास घशात बसायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. जमिनीवर चिकट थारोळी, कडक झालेले ब्रश, अर्धवट कापलेली बंपरची कवटी. आणि धूळ. साच्यातून निघालेला तुकडा ग्राइंडरने कापायचा, मग पुट्टी भरून घासायचा, मग परत घासायचा, आरशासारखा होईपर्यंत. वरून कीर्तन, आतून तमाशा. बाहेरची बाजू इतकी गुळगुळीत की त्यात तोंड बघावं, आतली बाजू खडबडीत, तंतू वर आलेले. मी कुतूहलाने आतून हात फिरवला आणि घरी पोचेपर्यंत दोन्ही तळवे, मनगटं, मान, सगळं खाजायला लागलं. काचेची कुसळं ती, डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याला झाडलं तर हसला. "खाजयूं नाका बाय. खाजयलें जाल्यार भितर वता. थंड उदकांत हात घाल आनी वगी राव." वासाबद्दल बोलले तर म्हणाला, "थोड्या वेळान वास कळनाच."

तर ही चतुर्थी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मयेचं घर वर्षभर बंद असायचं, चतुर्थीला आम्ही दोन्ही कुटुंबं जमायचो. घरची मूर्ती गुरूच करायचा, हाताने. त्या वर्षी जेवणं आटोपल्यावर माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, आम्ही सगळे पानं घेऊन बसलो होतो, वर सुपारीचे घोस आणि कवंडळं लटकत होती. नात्यातली आठ-दहा माणसं होती. गुरूने पिशवीतून तीन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "बाय, तू मास्तरीण. सांग, ह्यांतलो खंयचो बरो?"

पहिला तुकडा रबरासारखा. पिळला की पिळला जाई, सोडला की परत आपल्या जागी. त्याला पीयू म्हणतात, गुरूने सांगितलं, उत्तम माल, पण त्याला लागणारी यंत्रणा आपल्या ऐपतीपलीकडची. दुसरा काळ्या प्लास्टिकचा, थोडा वाकणारा. हा एबीएस. ह्याचा पत्रा भट्टीत तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा, आणि पंपाने खालून हवा ओढून घ्यायची, की पत्रा साच्याला चिकटून बसतो. दगडाला आपटला तर दबतो, सहसा फुटत नाही. कडा कापल्या की काम झालं. तिसरा त्याचा नेहमीचा फायबर. हवा तो आकार, अगदी एकाच गाडीपुरताही करता येतो, फुटला तर सांधता येतो. पण घासावा लागतो. मी विचारलं, कार्बन कार्बन म्हणतात ते काय? तर तो हसायला लागला. ते शर्यतीच्या गाड्यांना. आमच्याकडचे लोक काळ्या चौकड्यांचा स्टिकर चिकटवतात आणि कार्बन म्हणून सांगतात.

मग त्याने मनातलं सांगितलं. त्याने म्हापशाच्या एका कारागिराला एबीएसची भट्टी आणि पंप करायला सांगितलं होतं. नेहमीच्या चार-पाच गाड्यांचे साचे तयार होतेच. फायबर हळूहळू बंद करणार होता. "आतां घासपाचो कंटाळो आयला गो," तो म्हणाला.

कंटाळा. हा शब्द मी शाळेत रोज ऐकलाय. पाढे म्हणायचा कंटाळा आला, शुद्धलेखनाचा कंटाळा आला. ह्या शब्दावर माझं एकच उत्तर ठरलेलं असायचं, आणि तेच मी सवयीने दिलं. चार माणसांत, बाबांच्या घरात, त्याच्याच हातच्या मूर्तीसमोर. "म्हणजे बालदी काडटात तशे बंपर काडटलो? सांचो कोणूय मारता रे. तुज्या हातांत आसा तें मशिनीक जमचें ना. बाबा आसलो जाल्यार तुजें तोंड पळोवंक ना आसलो." सगळे हसले. एका काकांनी मान डोलावली आणि बाबांच्या आठवणी सुरू झाल्या, प्लास्टरवाल्यांना त्यांनी कसं दारातून परत पाठवलं वगैरे. गुरूही हसला. तीन तुकडे त्याने पिशवीत परत घातले. मग आरतीची वेळ झाली, आणि आरतीत तो मधूनच थांबून खोकत होता, ते मी ऐकलं. मला वाटलं, कापराचा धूर.

भट्टी आलीच नाही. नको म्हणून त्याने कळवलं असं सुलभाने मला पुढे सांगितलं. मला आनंद झाला होता, तोही लिहिते. माझ्या एका शब्दाने भाऊ मार्गावर आला, असं मी शाळेत एका सहकारी बाईंना अभिमानाने सांगितलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या माझ्यासारखीने हाकाव्यात. ग्राइंडर माझ्या हातात नव्हता, माझ्या हातात खडू होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले आणि उतारवयात गाडी शिकले. लहानशी पांढरी गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात घराच्या चिऱ्याच्या खांबाला धडक देऊन पुढचा बंपर फोडला. कंपनीचा नवीन मागवायचा म्हणून मी निघाले होते, तर गुरूचा फोन. "कंपनीचो कित्याक? हांव आसां मगो." मग तो माझ्या गाडीच्या तोंडाला माती लावून बसला. मी बजावलं, साधा कर, मला जबडा नको. त्याने ऐकलं, फक्त खाली एक बारीकसा ओठ काढला. मी रागावले तर म्हणाला, तेवढी सही राहू दे. घासायच्या दिवशी मी शेडमध्ये होते. तो पांढऱ्या ढगात उभा होता, नाकाला गमछा, पापण्या पांढऱ्या, केस पांढरे. मी लांबून फोटो काढला आणि हसले. "भूत दिसता," म्हणाले. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. पुसायला बोट जातं आणि थांबतं. काय बघून मी हसत होते, ते मला त्या फोटोत आता स्वच्छ दिसतं.

पुढचं लवकर झालं. आधी मयेच्या पायऱ्या चढताना तो मध्ये बसायला लागला. मग बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायला लागला. मग एक्स-रे, मग मोठं हॉस्पिटल. फुप्फुसं आतून कडक झाली आहेत, डॉक्टर म्हणाले. काय काम करता म्हणून विचारलं. गुरूने सांगितलं. आम्ही विचारलं, ह्यानेच झालं का? "नक्की असं सांगता येत नाही, अनेक कारणं असतात." गुरू कधी विडीला शिवला नव्हता, दारूला नव्हता. अनेक कारणं... त्या गुळमुळीत वाक्याचाही मला संताप आला. खरं सांगायचं तर थोडा दिलासाही वाटला, आणि त्या दिलाशाची तर जास्तच किळस आली. त्याच आठवड्यात त्याच्या गिऱ्हाइकांनी वर्गणी काढून दोन गोल डब्यांचा, रबरी, महागातला मास्क आणून दिला. बैल गेला आणि झोपा केला. तो मास्क शेडमध्ये खिळ्याला अडकवलेला आहे, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

शेवटची सविस्तर भेट त्याच्या घरी झाली, हॉस्पिटलात नेण्याच्या दोन-तीन दिवस आधी. तो पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकात नळी, खाली ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. मी पेज भरवत होते. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, सरळ खोलीत. चपला काढल्या, तेवढेच त्याचे संस्कार. बॉस कसो आसा वगैरे अर्ध्या मिनिटात उरकलं आणि मोबाइल काढला. पुढच्या बंपरखाली लावायची पट्टी करायची आहे, चित्र आणलंय, "पूण बॉस, तुमीच सांगात, फायबर बरें काय एबीएस?" मी वाटी खाली ठेवली. त्याला हाकलायला उठणार, तोच गुरूने हाताने मला थांबवलं. त्याने चित्र नीट पाहिलं. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मग श्वास गोळा करून म्हणाला, "एबीएस." तो माणूस खट्टू झाला. म्हणाला, एबीएस कुठेही मिळतं, मला तुमच्या हातचं हवं होतं. "हात ना आतां," गुरू म्हणाला, "एबीएस घे. फायबर कोणाकय सांगूं नाका." मग मात्र मी त्याला दाराबाहेर काढलं, आणि काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

परत आले तर गुरू हसत होता. मला ते हसणं सोसलं नाही. मी म्हणाले, "गुरू, त्या चवथीक हांवें तुका..." त्याला कळलं. त्याला त्या दिवसापासून माहीत असणार की कधी ना कधी मी हे बोलणार आहे. त्याने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, "तुवें सांगलें म्हणून न्हय गो. माका तेंच आयकूंक जाय आशिल्लें. तुवें म्हणलें, आनी माका बरें दिसलें... बाबाचो चलो दिसलों हांव." बाबांचा मुलगा वाटलो मी. ह्याला क्षमा म्हणायचं की आणखी काही, मला ठरवता आलेलं नाही. लोक सांगतात, शेवटी बोलणं झालं ना, मग मन मोकळं झालं असेल. काहीएक मोकळं झालेलं नाही. छातीच्या दुखण्याला त्याने चार माणसांत कंटाळा म्हटलं, आणि मोठ्या बहिणीने त्या कंटाळ्याला छडी मारली, हे जसंच्या तसं आहे. आमच्या घराला हाताचा अभिमान होता. त्या अभिमानापायी हात तेवढा राखला, आणि ज्याचा हात त्याला नाही राखलं. ओल्या मातीची धूळ होत नाही, हे आमच्या तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. बाबांचा नियम मातीपुरता होता. मी तो काचेला लावला.

मी निघताना त्याने विचारलं, "तुजो बंपर कसो आसा?" मी ओशाळून सांगितलं, परत खांबाला लागला, कोपऱ्यात तडकलाय. मला वाटलं, चिडवेल. त्याने चिडवलं नाही. म्हणाला, "कोणाक घासूंक दिवं नाका. काडून उडय. कंपनीचो घाल." मी म्हणाले, इतक्या सुंदर बंपरला भरून घेतलं तर काय बिघडलं? तूच म्हणायचास ना, फायबर सांधता येतो? त्याने मान हलवली. "जो घासतलो, ताच्या छातींत वतलो गो बाय." एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. मला त्याने त्यानंतर काही सांगितलं नाही. हॉस्पिटलात तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

शेड आता बंद आहे. सुलभाने साचे एका कोपऱ्यात रचून ठेवलेत, तिला ते कोणाला द्यायचे नाहीत, आणि मागायला येणाऱ्यांची रांग आहे. मयेची माती एका पिंपात तशीच आहे. सुलभा तिच्यावर पाणी शिंपडते, वाळू नये म्हणून. का शिंपडते विचारलं तर तिला सांगता येत नाही. बाराव्या दिवशी सलामी देणारी मंडळी आता गाड्यांच्या मागच्या काचेवर 'बॉसचा हात' असे स्टिकर लावून फिरतात. परवा एक असा स्टिकर माझ्या पुढे सिग्नलला उभा होता, आणि मी हिरवा दिवा लागूनही हललेच नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

माझ्या गाडीचा बंपर मी काढलेला नाही. गुरूचं अर्धंच ऐकलंय. तडा रुंदावत चाललाय, त्यातून पांढरे तंतू बाहेर डोकावतात. हवा भरायला नेली की गॅरेजवाला दर वेळी अर्ध्या तासाचा वायदा करत म्हणतो, "टीचर, अर्द्या वरान घासून भरतां, नवो दिसतलो," आणि दर वेळी मी त्याच्यावर खेकसते की त्याला हात लावायचा नाही. तो मला चक्रम समजतो. समजू दे, तो निदान खोकत नाही. रविवारी मी स्वतः गाडी धुते. ओल्या कपड्याने बाहेरची गुळगुळीत बाजू पुसून झाली की खाली वाकून, त्या ओठाच्या आतून हात फिरवते, जिथे त्याने ब्रश ठोकून ठोकून हवा काढली होती. ब्रशचा एक केस तिथे रेझिनमध्ये अडकून राहिलाय, बोटाला लागतो. संध्याकाळपर्यंत तळवा खाजायला लागतो. सुरुवातीला मी त्याने सांगितल्याप्रमाणे हात थंड पाण्यात घालून स्वस्थ बसायचे. खाजवलं की आत जातं.

हल्ली मी खाजवते.